मिठाच्या तळ्यातली अंडी फ्रीजरमध्ये कशाला ठेवायची?

नाशिकला समुद्र नाही, मिठागर नाही, खारं पाणी म्हणाल तर कुठल्यातरी बोअरचं मचूळ पाणी तेवढंच. तरी इथल्या कुठल्याही सिरीयस फिश टँकवाल्याच्या फ्रीजचं दार उघडून बघा, एका कोपऱ्यात चॉकलेटी पुडीची छोटी बाटली हमखास सापडणार. आमच्या घरात पाहुणे तिला कॉफी समजतात म्हणून मी झाकणावर मोठ्या अक्षरात "माशांचं" असं लिहून ठेवलंय. ती पूड म्हणजे आर्टेमियाची अंडी. आर्टेमिया, म्हणजे ब्राइन श्रिम्प, हा खाऱ्या पाण्यात राहणारा कोळंबीसारखा बारीक जीव. टँकमधल्या गप्पी नाहीतर बेटा माशांना पिल्लं झाली की खाऱ्या पाण्यात चिमूटभर टाकायची, एअर पंप सोडायचा, वर बल्ब लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत नारिंगी ठिपके पळायला लागतात. पिल्लं त्यावर तुटून पडतात.

दुकानात विचारलं की काका ही कुठली अंडी, तर उत्तर एकच, "अमेरिकेची, एक नंबर माल." बहुतेक वेळा ते खरंही असतं. अमेरिकेत युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक म्हणून खाऱ्या पाण्याचं मोठं तळं आहे, जगात विकल्या जाणाऱ्या आर्टेमिया अंड्यांचा मोठा हिस्सा त्या एकाच तळ्यातून येतो. आणि हे काही फक्त आपल्यासारख्या हौशी लोकांचं प्रकरण नाही हं. कोळंबीच्या आणि समुद्री माशांच्या हॅचरीत, म्हणजे पिल्लं पैदा करायच्या केंद्रात, पिल्लांना सुरुवातीला जिवंत खाणं लागतं आणि ते बहुतेक ठिकाणी आर्टेमियाचंच असतं, म्हणून जगभरात दरवर्षी हजारो टन अंडी लागतात. आंध्रातली व्हनामी कोळंबी असो नाहीतर पालघरच्या तलावातली, लहानपणी तिने बहुतेक हेच खाल्लेलं असतं.

आता मुद्दा असा की आर्टेमिया काही एकाच तळ्यात राहत नाही. जगात शेकडो खारी तळी आणि मिठागरं आहेत जिथे ती सापडते, आणि प्रत्येक ठिकाणची थोडी वेगळी असते. आपल्या डब्यात येतं ते त्यातलं एक टोक. बाकीच्यांचं काय चाललंय, त्यांची अंडी जपून ठेवायची म्हणजे नक्की काय करायचं, आणि ते दिसतं तितकं सोपं का नाही, एवढंच इथे सांगायचंय.

आधी अंड्याबद्दल, कारण सगळी गंमत तिथेच आहे

आपण अंडं म्हणतो पण आत नुसता बलक नसतो. आत गर्भ असतो, वाढायला सुरुवात झालेला, साधारण चार हजार पेशींचा, आणि तिथे येऊन थांबलेला. शास्त्रात याला सिस्ट म्हणतात. मादीच्या अंगात हे ठरतं. पाणी बरं असेल, खायला असेल तर ती सरळ जिवंत पिल्लं सोडते. पाण्यात मीठ वाढायला लागलं, ऑक्सिजन कमी झाला, तळं आटायची लक्षणं दिसायला लागली की तीच मादी जाड कवचाची सिस्ट घालायला लागते. चांगल्या परिस्थितीत दर चार दिवसांनी तीनशेपर्यंत पिल्लं नाहीतर सिस्ट, एवढा तिचा वेग असतो.

सिस्ट वाळली की तिच्यातलं जगणं जवळपास शून्यावर येतं. पाण्याचं प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली गेलं की आतली रासायनिक कामं थांबतात. मग पेशी मोडत का नाहीत? तर गर्भात ट्रेहॅलोज नावाची साखर ठासून भरलेली असते, कोरड्या वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास, आणि पाणी निघून गेलं तरी ही साखर पेशींच्या पडद्यांना आणि प्रोटीनना धरून ठेवते. जोडीला आर्टेमिन आणि पी२६ नावाची दोन प्रोटीन असतात, त्यांचं काम बाकीच्या प्रोटीनचा गोळा होऊ न देणं. अशी कोरडी सिस्ट शून्याच्या खाली कितीही थंड केली तरी तिला फारसा फरक पडत नाही, साठ डिग्रीची उष्णताही ती थोडा वेळ सोसते. पण तीच सिस्ट पाण्यात भिजून फुगलेली असेल तर चाळीसच्या वर आणि उणे अठराच्या खाली मरते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे.

जेम्स क्लेग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने तर भिजलेल्या सिस्ट चार वर्षं ऑक्सिजनशिवाय ठेवल्या, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, आणि नंतर हवा दिल्यावर त्या पुन्हा वाढायला लागल्या. १९७२ मध्ये अपोलो १६ आणि अपोलो १७ या दोन्ही चांद्रमोहिमांत या सिस्ट पाठवल्या होत्या, अवकाशातल्या किरणांचा जिवंत गोष्टीवर काय परिणाम होतो ते बघायला. ज्या सिस्टला जड कण लागला त्यांची वाढ बिघडली, म्हणजे अमर वगैरे काही नाही, पण चंद्रापर्यंत जाऊन येऊन बाकीच्या फुटल्या, म्हणजे त्यांतून पिल्लं निघाली, हे पण काही कमी नाही.

सिस्ट पाव मिलिमीटरची. एका ग्रॅममध्ये दोन ते तीन लाख. म्हणजे एका अख्ख्या तळ्याचा वंश औषधाच्या बाटलीत मावतो, वाळवून ठेवला की खायला मागत नाही, पाणी बदलावं लागत नाही. वाघाची किंवा माळढोकाची अशी सोय नाहीये. त्यामुळे आर्टेमियाची अंडी बँक करणं ही प्राणी वाचवण्याच्या धंद्यातली बहुतेक सगळ्यात स्वस्त गोष्ट असावी, असं माझं मत आहे.

वेगळी म्हणजे किती वेगळी?

एकूण आर्टेमियाच्या जाती थोड्याच आहेत. अमेरिकेची फ्रान्सिस्काना, भूमध्य समुद्राकडची सलायना, इराणच्या उर्मिया तळ्याची उर्मियाना, चीनची सिनिका, तिबेटची तिबेटियाना, अर्जेंटिनाकडची पर्सिमिलिस, कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकची मोनिका. याशिवाय जुन्या जगात, म्हणजे युरोप, आफ्रिका, आशियात, अशा कितीतरी वस्त्या आहेत जिथे नर जवळपास नाहीच, माद्या माद्यांनाच जन्म देतात. त्यांच्यात गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या आहेत, तीन, चार, पाच संच असलेल्याही आहेत. आपल्या भारतातल्या मूळच्या आर्टेमिया याच बिननराच्या गटातल्या.

फरक नुसते पुस्तकी नाहीत, धंद्याला लागणारे आहेत. सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या आर्टेमियाचं नवजात पिल्लू ग्रेट सॉल्ट लेकवाल्यापेक्षा लहान असतं, आणि ज्या माशाच्या पिल्लाचं तोंडच बारीक आहे त्याच्यासाठी ते काही शतांश मिलिमीटर म्हणजे जगणं-मरणं असतं. तिबेटवाली उलट, तिची सिस्ट मोठी आणि पिल्लूही मोठं, आणि थंडी तिला चालते. मोनो लेकच्या मोनिकाची अंडी तळ्याच्या खाऱ्या पाण्यातही बुडतात, बाकीच्यांची साधारण तरंगतात. शिवाय प्रत्येक तळ्याचं मीठ पण सारखं नसतं, कुठे आपलं साधं मीठ, कुठे सोडा जास्त, कुठे सल्फेट. तिथे हजारो पिढ्या काढलेली आर्टेमिया त्या पाण्याला सरावलेली असते आणि दुसऱ्या पाण्यात टाकली तर तग धरेलच असं नाही.

एक किस्सा सांगतो जो मला फार आवडतो. १९८० च्या दशकात व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या मुखाजवळ विन्ह चाऊच्या मिठागरांत सॅन फ्रान्सिस्को खाडीची अंडी मुद्दाम सोडली, कोरड्या महिन्यांत तिथल्या मीठवाल्यांना दोन पैसे मिळावेत म्हणून. कॅलिफोर्नियाचं पाणी थंड, विन्ह चाऊचं कडक गरम. नंतर दोन्हीकडची अंडी शेजारी ठेवून तपासली तर व्हिएतनामवाल्यांची उष्णता सोसायची ताकद वाढलेली निघाली, आणि ते फार पटकन झालं होतं. मूळ एकच, जागा बदलली, उन्हाने निवड केली. पण हे घडू शकलं कारण मूळ अंड्यांमध्ये आधीच कमीजास्त उष्णता सोसणारे असे बरेच प्रकार मिसळलेले होते. सगळी एकसारखी असती तर गरम पाण्यात सगळी एकदमच गेली असती आणि गोष्ट तिथेच संपली असती.

जनुकीय विविधता म्हणतात ती हीच. आणि ती दोन ठिकाणी असते. एक, या तळ्याची आणि त्या तळ्याची वेगळी ती. दुसरी, एकाच तळ्यातल्या लाखो जीवांमध्ये आपापसात असते ती. पहिली सगळ्यांना कळते, दुसरी निसटते.

दुसरी समजायला आपला कांदा घ्या. निफाड, येवला, चांदवडकडे घरचं बी धरणारे शेतकरी चांगले कांदे निवडून परत लावतात, त्याला डोंगळे येतात, मधमाश्या परागीभवन करतात, बी तयार होतं. कुणी हौसेने अख्ख्या चाळीतले सगळ्यात देखणे चारच कांदे निवडले आणि त्याच चारांचं बी पुढे धरत राहिला तर पहिलं वर्ष कदाचित झकास जाईल, पण दोन-चार पिढ्यांत पीक कमजोर पडतं, कारण कांद्याला परका पराग लागतो आणि इथे सगळे एकमेकांचे भाऊबंद झालेले असतात. म्हणून जाणकार बरेच डोंगळे लावतात. आर्टेमियाच्या बाटलीचंही तसंच, त्यात सिस्ट दोन लाख आहेत याला अर्थ नाही, त्या किती वेगवेगळ्या माद्यांच्या आहेत याला अर्थ आहे. फक्त कांद्याचं बी वर्षभरात उगवण सोडायला लागतं आणि आर्टेमियाची सिस्ट नीट ठेवली तर दशकं काढते.

धोका कुणापासून आहे

मला आधी वाटायचं की एवढी हजारो टन अंडी काढतात म्हणजे तोच धोका असणार. पण ग्रेट सॉल्ट लेकमध्ये हे प्रकरण बऱ्यापैकी शिस्तीत चालतं. हंगाम ऑक्टोबर ते जानेवारी. राज्याच्या वन्यजीव खात्याचे लोक पाण्यात सिस्ट मोजत राहतात, लिटरमागे एकवीसपर्यंत आकडा उतरला की तोडणी बंद, कारण वसंतात तळं परत भरायला आणि तिथे येणाऱ्या पक्ष्यांना पुरायला तेवढ्या लागतात. म्हणजे तळ्यात स्वतःची एक अंडी बँक आहेच आणि ती रिकामी होऊ द्यायची नाही एवढाच तो नियम. खरा ताण पाण्याचा आहे. तळ्यात येणाऱ्या नद्यांचं पाणी शेतीला आणि शहरांना वळवलं गेलं, २०२२ मध्ये तळ्याची पातळी नोंदी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकाला गेली, पाणी इतकं खारट झालं की आर्टेमियालाही जड जायला लागलं. अख्ख्या जगाच्या हॅचऱ्या ज्या तळ्यावर टेकून आहेत त्याची ही अवस्था.

उर्मियाचं तर विचारू नका. एकेकाळी पाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं तळं, आपल्या नाशिक जिल्ह्याच्या जवळजवळ एक तृतीयांश. धरणं, विहिरी, दुष्काळ, सगळं एकत्र आलं आणि गेल्या दहा-बारा वर्षांत ते जुन्या आकाराच्या दहाव्या हिश्श्याजवळ येऊन गेलं. लिटरला तीनशे ग्रॅमच्या वर मीठ म्हणजे आर्टेमिया जगली तरी वाढत नाही, पिल्लं होत नाहीत. उर्मियाना मूळची तिथलीच. तिथे तिचं काही झालं तर बाटल्यांमध्ये काय शिल्लक आहे हाच प्रश्न उरतो.

आणि तिसरा धोका जरा विचित्र, कारण तो आपल्या डब्यातून येतो. अमेरिकन फ्रान्सिस्काना हॅचरीच्या सांडपाण्यातून किंवा कुणी मुद्दाम सोडल्यामुळे जगभर पसरली. १९८० च्या दशकात पोर्तुगालमध्ये सापडली, मग स्पेन, फ्रान्स, इटली, मोरोक्को. जिथे पोचते तिथे थोड्याच वर्षांत मूळची सलायना आणि बिननराच्या वस्त्या गायब होतात. ती पिल्लं जास्त घालते, लवकर वाढते, आणि तिथल्या फीतकृमींची लागण तिला स्थानिकांपेक्षा कमी होते. त्यात पक्ष्यांच्या पोटातून सिस्ट जशाच्या तशा बाहेर पडतात, म्हणजे एका मिठागरात सोडली की शंभर मैलांवरच्या मिठागरात पोचवायला फ्लेमिंगो आणि चिखले पक्षी आहेतच.

भारतात पण हे झालंय. आपल्याकडे आर्टेमियाची पहिली नोंद १९५३ ची, मुंबईत वडाळ्याच्या मिठागरातली. मग सांभर तळं, डीडवाना, कच्छ, तुतिकोरिन अशा नोंदी येत गेल्या. २०१२ च्या सुमारास डीएनए तपासून पाहिलं तेव्हा दक्षिणेतल्या काही मिठागरांत अमेरिकन फ्रान्सिस्काना ठाण मांडून बसलेली निघाली. डोळ्यांनी, अगदी साध्या मायक्रोस्कोपनेही सिस्ट बघून कुठली ते सांगता येत नाही, त्यामुळे किती वर्षांपूर्वी शिरली हे कुणाच्या लक्षातही आलं नसणार. आणि वडाळा-भाईंदरची मिठागरं? मुंबईत मिठागरांच्या जमिनीवर घरं बांधायची की नाही हा वाद किती जुना आहे ते तुम्हाला माहितीय. २०२४ मध्ये धारावीच्या पुनर्वसनासाठी अडीचशे एकरांच्या वर मिठागर जमीन द्यायचं ठरलं. पूर येईल, खारफुटी जाईल, पक्षी जातील, सगळ्यावर बोललं गेलं. त्या चिखलात साठून राहिलेल्या सिस्टबद्दल मी तरी कुणाला बोलताना ऐकलं नाही.

असं संपूर्ण जाणं आधी झालेलं आहे. आर्टेमियाचं पहिलं शास्त्रीय चित्र आणि वर्णन अठराव्या शतकात इंग्लंडच्या लिमिंग्टनच्या मिठागरांतून आलं. ती मिठागरं बंद पडली आणि तिथली आर्टेमिया पण संपली. आज ब्रिटनमध्ये ती सापडत नाही, आणि तेव्हा कुणी चिमूटभर सिस्ट बाटलीत भरून ठेवल्या नव्हत्या त्यामुळे ती नेमकी कशी होती हे आता चित्रावरूनच बघायचं.

बँक म्हणजे करतात काय

बेल्जियमच्या घेंट विद्यापीठात १९७८ पासून आर्टेमिया रेफरन्स सेंटर आहे. पॅट्रिक सॉर्गेलूस यांचं नाव या विषयात कुठेही गेलात तरी भेटणार, त्यांनीच ते उभं केलं. तिथे जगभरातून गोळा केलेल्या सिस्टचे हजाराहून जास्त नमुने आहेत. त्यातले काही अशा जागांचे, जिथे आता ती आर्टेमिया उरलेली नाही.

काम ऐकायला एकदम सोपं. तळ्यावर जायचं, काठाला तपकिरी साय जमलेली असते ती उचलायची. खाऱ्या पाण्यात धुवून वाळू-चिखल खाली बसवायचा, मग गोड्या पाण्यात थोडा वेळच टाकून रिकामी कवचं वेगळी करायची, कारण भरलेली सिस्ट गोड्या पाण्यात बुडते आणि रिकामं कवच तरंगत राहतं. ताबडतोब वाळवायच्या, पाण्याचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत, आणि चाळीसच्या वर तापू न देता, का ते वर सांगितलंच आहे. मग हवा काढून किंवा नायट्रोजन भरून पॅक करायचं, कारण कोरड्या सिस्टचा शत्रू पाण्याइतकाच ऑक्सिजन आहे, तो हळूहळू आतलं बिघडवत राहतो आणि दुरुस्ती करायला आतलं यंत्र तर बंद आहे. मग डीप फ्रीजर. आपला दुकानातला डबा एकदा उघडला की सहा महिन्यांत फुटण्याचं प्रमाण घसरतं ते याचमुळे, पावसाळ्यात तर विचारूच नका, झाकण उघडं राहिलं तर त्या हवेतलीच ओल शोषतात.

पण खरं अवघड काम फ्रीजरच्या आधी आणि नंतर आहे.

आधीचं म्हणजे गोळा करणं. एका काठावरून एका दिवशी ओंजळभर उचलली तर कदाचित ती वाऱ्याने एका बाजूला ढकललेली एकाच आठवड्याची अंडी असतील. उर्मियासारख्या ठिकाणी मुख्य तळ्यात नर-मादीवाली आणि बाजूच्या डबक्यांत बिननराची अशा दोन्ही होत्या, एकाच ठिकाणाहून घेतलं तर अर्धी गोष्ट सुटते. बिननराच्या वस्तीत तर विविधता वेगळ्याच पद्धतीने मोजावी लागते, तिथे प्रत्येक मादीचा वंश हा जवळपास तिचीच नक्कल, म्हणून किती वेगवेगळे वंश आपल्या हाती आले हे बघायचं. त्यात पण एक गंमत आहे, अशा वस्तीत अधूनमधून एखादा नर जन्मतो, आणि तो दुसऱ्या जातीच्या मादीशी जमला तर त्यांच्या पुढच्या पिढ्यांत बिननराचं पुनरुत्पादन उतरू शकतं. म्हणजे हे गट आपल्याला वाटतात तितके बंद नाहीत.

गोळा केलं की नोंद. कुठलं तळं, कुठला काठ, कुठला महिना, मीठ किती, तापमान किती, आणि एक छोटा भाग डीएनए चाचणीला. ही चिठ्ठी नसेल तर ती बाटली माझ्या फ्रीजमधल्या बाटलीपेक्षा वेगळी नाही. बाजारातल्या डब्यांचा उपयोग बँकेला होत नाही तो यामुळेच, त्यात कधी दोन हंगाम मिसळलेले असतात, कधी दोन तळी.

नंतरचं काम आणखी किचकट. फ्रीजरमधल्या सिस्ट पण कायमच्या नाहीत, फुटण्याचं प्रमाण हळूहळू उतरतं. मग थोड्या उबवायच्या, वाढवायच्या, त्यांच्याकडून नवीन सिस्ट घ्यायच्या. इथे गडबड होते. उबवायला टाकल्यावर ज्या पहिल्या चोवीस तासांत फुटल्या त्याच पुढे घेतल्या तर नकळत आपण लवकर फुटणाऱ्यांची निवड केली. काही तळ्यांच्या सिस्ट अशा सहज फुटतच नाहीत, त्यांना आधी थंडी द्यावी लागते, किंवा परत वाळवून परत भिजवावं लागतं, किंवा सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमधून काढावं लागतं, आणि न फुटलेल्या म्हणजे मेलेल्या असं समजून फेकल्या तर गेल्या. मग प्रयोगशाळेचं अठ्ठावीस डिग्रीचं ठरावीक खारं पाणी, आयतं खाणं, त्यात जे चांगले जगतात ते वाढतात. चार-पाच वेळा असं केलं की बाटलीवर नाव तिबेटचं पण आतला माल प्रयोगशाळेचा. म्हणून नियम असा की शक्यतो मूळ नमुना कमीत कमी वापरायचा, नवीन सिस्ट काढायच्याच असतील तर भरपूर माद्यांकडून काढायच्या, आणि जमेल तोवर तळ्यावर जाऊन ताजा नमुना आणायचा.

आणि भेसळ! पाव मिलिमीटरची ती गोष्ट जाळीला चिकटते, हाताला, बादलीच्या कडेला, एअर पंपाच्या नळीला. एका टाकीतून एक फ्रान्सिस्काना मादी दुसऱ्या टाकीत गेली तर काही महिन्यांत ती टाकी तिचीच. मी घरी दोन बाटल्या शेजारी लावतो तेव्हा एकीतली अंडी दुसरीत सापडतातच, आणि मला काही फरक पडत नाही कारण दोन्ही गप्पींच्या पोटातच जाणारेत. बँकेत तेच झालं तर एक अख्खं तळं हातातून गेलं.

वर्षानुवर्षांचे जुने नमुने जपण्याचा एक वेगळाच उपयोग निघालाय. फ्रान्समध्ये एग-मोर्तच्या मिठागरांतून वेगवेगळ्या दशकांत घेतलेल्या सिस्ट उबवून, जुन्या आणि नव्या पिढीला एकाच वेळी वाढवून बघितलं गेलं. आजोबा आणि नातू एकाच वयाचे, एकाच पाण्यात. मधल्या वर्षांत काय बदललं ते अंदाजाने नाही तर समोर ठेवून मोजता येतं. हे बहुतेक प्राण्यांमध्ये करताच येत नाही.

एवढं असूनही बँक म्हणजे तळं नव्हे. फ्रीजरमधली सिस्ट बदलत नाही, आणि तळं मात्र बदलत राहतं. उर्मियाला उद्या पाणी आलं तर १९९० च्या दशकातली अंडी तिथे सोडता येतील, पण त्या पाण्यातलं शेवाळ, मीठ, तापमान, परजीवी सगळं तीस वर्षं पुढे गेलेलं असेल. आणि तळंच नसेल तर परत सोडणार कुठे? अरल समुद्र बघा, तो आटत गेला, मासे मेले, आणि तेवढ्या खाऱ्या झालेल्या पाण्यात आर्टेमिया वाढली. म्हणजे काही ठिकाणी नवीन जागा पण तयार होतात. पण तिथे कुठली सोडायची, की सोडायचीच नाही, हा निर्णय घ्यायला स्थानिक नमुना हातात लागतो.

आपल्याकडे काय

आपल्याकडच्या बिननराच्या वस्त्या आता जिथे उरल्या आहेत तिथून, कच्छ, सांभर, तुतिकोरिनच्या आसपास, वेगवेगळ्या मोसमात नमुने घेऊन डीएनए तपासून देशातच दोन वेगळ्या शहरांत ठेवायला हवेत. दोन शहरांत का, तर एकाच जागी लाइट गेली की संपलं. बेल्जियमला पाठवून मोकळं होता येत नाही, भारतातली जैविक सामग्री परदेशी संस्थेला द्यायची तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ते बरोबरही आहे. खर्चाचं म्हणाल तर एक डीप फ्रीजर, इन्व्हर्टर, पॅकिंगचं मशीन, आणि नोंदी नीट ठेवणारं माणूस. शेवटचं सगळ्यात दुर्मिळ.

नाशिकमधल्या आपण लोकांनी काय करायचं? खरं सांगायचं तर फारसं काही नाही, आणि आपल्याकडून धोका पण फारसा नाही. आर्टेमिया गोड्या पाण्यात काही तासांत मरते, त्यामुळे टँकचं पाणी नाल्यातून गोदावरीत गेलं तरी ती तिथे टिकणार नाही. नांदूरमधमेश्वरला येणारे फ्लेमिंगो आर्टेमिया शोधत येत नाहीत, तिथलं पाणी गोडं आहे, ते तिथलं वेगळंच काहीतरी खातात. आर्टेमियाचे गोड्या पाण्यातले चुलते मात्र आपल्या सह्याद्रीत आहेत, फेअरी श्रिम्प. पावसाळ्यात सड्यांवरच्या खडकात जी डबकी साचतात त्यांत ते उलटे पोहताना दिसतात, डबकं आटायच्या आत अंडी घालून मोकळे होतात आणि ती अंडी उन्हाळाभर तापलेल्या मातीत पडून राहतात. ट्रेकला जाणाऱ्यांनी त्या डबक्यांत बूट घालून नाचू नये एवढी विनंती. आणि त्यातले दोन-चार घरच्या टँकमध्ये आणू पण नयेत.

अडचण किनाऱ्यावरच्या लोकांची आहे. पालघर, डहाणू, उरणकडे कुणी घरी आर्टेमिया उबवत असेल, किंवा नाशिकहून डबा घेऊन तिकडच्या मित्राला देत असेल, तर न फुटलेली अंडी असलेलं खारं पाणी खाडीत किंवा मिठागराच्या चरात ओतायचं नाही. एकदा उकळायचं आणि मग मोरीत. थंडीत निफाडचा पारा खाली गेला की आपल्याकडे अर्धी अंडी फुटत नाहीत आणि तळाशी तशीच बसून राहतात, ती मेलेली नसतात बरं का, फक्त थंड असतात, तेव्हा बल्ब थोडा जवळ घ्या आणि छत्तीस तास थांबा.